साडेतीन आवाजांचं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला इथं कवी म्हणून बोलावलं आहे आणि मी बोलणार आहे व्हिडिओ गेममधल्या संगीताविषयी. विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग 'चालेल' असं उत्तर आलं. रेडिओवाल्यांना शांतता परवडत नाही, त्या मानानं ती शांतता बरीच लांबली म्हणायची.

ज्यांची मुलं १९९०च्या दशकात लहान होती त्यांनी हे संगीत ऐकलेलं आहे, नाव ठाऊक नसेल एवढंच. टीव्हीला एक डबा जोडलेला, त्यात जाडजूड कॅसेट खुपसलेली. कॅसेट चालेनाशी झाली की मुलं ती काढून तिच्यात फुंकर मारायची. पडद्यावर एक मिशीवाला, टोपीवाला गडी उड्या मारत पळतो आहे, स्वयंपाकघरातून आई ओरडते आहे, आणि त्या ओरडण्यामागं तीच ती चाल पुन्हा पुन्हा वाजते आहे. तो गडी म्हणजे मारिओ. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ. आमच्या जुन्नर-मंचरकडे पोचले ते डबे बहुतेक त्या यंत्राच्या नकला होत्या. चाल मात्र अस्सल होती.

ती चाल कोजी कोंडो या संगीतकाराची. १९८४ साली हा तरुण कंपनीत लागला आणि वर्षभरात त्यानं हे काम केलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, कायम जतन करावीत अशा ध्वनिमुद्रणांच्या यादीत हे संगीत घेतलं. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे आई ज्याला कटकट म्हणत होती ते आता ठेवा झालं आहे.

मला यात ओढलं ते माझ्या भाच्यानं. तो मंचरला असतो. लग्नाच्या, जत्रेच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या गाण्यांचं मिक्सिंग करतो. खताच्या दुकानावर त्याची एक खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात, एक संगणक, एक कीबोर्ड, दोन स्पीकर आणि एक पंखा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात तिथलं काम पहाटे चालतं. आमच्या घरात बोलतात दखनी, मी लिहितो मराठी आणि हा संगणकाशी कुठल्या भाषेत बोलतो ते मला कळत नाही. तर गेल्या वर्षी तो म्हणाला, "मामू, मारिओचं गाणं मी पुन्हा बांधतोय. आपल्या वाद्यांवर. तुम्ही ऐकायला बसा."

रिमिक्स म्हटलं की माझ्या पिढीच्या कपाळावर आठ्या पडतात. २००२ च्या आसपास जुन्या हिंदी गाण्यांच्या पाठीवर धडधड लादून जे काही बाजारात आलं, त्यानं हा शब्दच बदनाम केला. पण शब्द बाजूला ठेवला तर काम जुनंच आहे. एकाची चाल दुसऱ्यानं उचलायची, तिच्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवायचं, आणि मूळ ऐकलेल्याला ती ओळखू आली पाहिजे. आपल्या तमाशात किती गाण्यांचं हेच झालं आहे.

आता मूळ चालीची गंमत सांगतो, कारण माझं मन तिथं अडकलं. त्या काळच्या डब्यात हवे तेवढे आवाज काढायची सोयच नव्हती. चिपमध्ये दोन आवाज चौकोनी लहरीचे, म्हणजे जत्रेतल्या पिपाणीसारखे टोकदार. एक आवाज त्रिकोणी लहरीचा, तो खाली घुमायला. आणि एक नुसती खरखर. या खरखरीचे बारीक तुकडे पाडून त्यातून तालवाद्य उभं करायचं. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायची पाचवी सोय होती, ती या खेळात वापरलेलीच नाही. म्हणजे सुरात बोलणारे तीन आणि सूर नसलेला एक. मी मोजलं आणि भाच्याला म्हणालो, "अरे, हे साडेतीन झालं. ही तर ओवी!" आपल्या ओवीला तीन पुरे चरण आणि चौथा आखूड. जात्यावरच्या बायांनी त्या साडेतीन चरणांत सगळं आयुष्य बसवलं. कोंडोनं एक खेळ बसवला.

(येथे मूळ संगीताचा छोटा तुकडा ऐकवण्यात आला.)

पुढं ऐका. तो घुमणारा त्रिकोणी आवाज लहान-मोठा करता येत नाही. वाजेल किंवा गप्प बसेल, दोनच गोष्टी. आणि खेळणाऱ्यानं नाणं मिळवलं, उडी मारली, की त्याचा आवाज कुठून आणायचा? याच आवाजांतून. म्हणजे उडी मारली की गाण्यातला एक आवाज क्षणभर आपलं काम टाकून उडीचा आवाज काढायला धावतो आणि परत येतो. तमाशात झीलकरी असतो ना, 'जी जी' करता करता मध्येच पुढं येऊन दोन वाक्यं बोलून जातो आणि पुन्हा मागं झील धरतो, तसं. गाणं तुटत नाही, कारण गाणाऱ्यानं ते तुटायला जागा ठेवलेली आहे. आणि सगळा खेळ, चित्रं, नियम, संगीत धरून, ४० किलोबाइटांत. रोज सकाळी मोबाइलवर शुभेच्छांचा जो फोटो येतो तो याच्यापेक्षा मोठा असतो आणि आपण तो न बघता पुसून टाकतो.

खरखरीवरून आठवलं. आमच्या नारायणगावाजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशातून जी खरखर येते ती तिथली माणसं रात्रंदिवस ऐकतात आणि तिच्यातून तारे ओळखतात. ज्यांनी रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खरखर टाकाऊ नसते, ऐकणारा हवा.

आणखी एका खेळाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथं कविता आहे. 'टेट्रिस' नावाचा खेळ मॉस्कोत १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्हनं केला. वरून चौकटी पडतात, त्या एकमेकींत बसवायच्या. १९८९ मध्ये तो हातात मावणाऱ्या गेम बॉयवर आला तेव्हा त्याला जी चाल लागली ती एका रशियन लोकगीताची, 'कोरोबेइनिकी'. शब्दाचा अर्थ पेटारा घेऊन फिरणारे फेरीवाले. आणि त्या लोकगीताचं मूळ आहे निकोलाय नेक्रासोव्ह या कवीची १८६१ ची कविता. फेरीवाला आणि एक मुलगी, शेतात त्यांची मालावरून घासाघीस चालते. आपल्या गवळणीत किसनदेव गवळणींना अडवून जकात मागतो, त्याच घराण्यातली गोष्ट. कवितेचं गाणं झालं, गाण्याचं खेळातलं संगीत झालं, आणि १९९२ मध्ये अँड्र्यू लॉइड वेबर यांच्यासारख्या नाटकवाल्या संगीतकारानं दुसऱ्याच नावाखाली त्याचं नाचाचं गाणं केलं. ते इंग्लंडमध्ये गाजलं. कवीला यातलं काय मिळालं असेल असा विचार माझ्या मनात आला. पण तो १८७८ मध्येच गेलेला.

तर भाच्याचं काम. पहिल्या आवृत्तीत त्यानं संगणकात असलेलं सगळं ओतलं. व्हायोलिनं, तुताऱ्या, तीन तऱ्हेचे ढोल, वर टाळ्या. साठाच्या वर ट्रॅक होते. ऐकताना मला वरातीत सापडल्यासारखं झालं. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "मामू, मारिओ दिसेना झालाय." मग त्यानं तीन दिवस फक्त पुसायचं काम केलं. कवीला हे काम नीट माहीत असतं. आठ ओळींतल्या तीन ठेवायच्या आणि उरलेल्या पाच किती चांगल्या होत्या हे कुणाला सांगायचं नाही.

पुसून पुसून तो पुन्हा साडेतीनवर आला. आणि मग म्हणाला की या खरखरीच्या जागी खरी ढोलकी पाहिजे. संगणकात मिळते ती नको.

ढोलकी म्हणजे नारायणगाव. विठाबाईंचं गाव. हंगामाच्या तोंडावर तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्या राहुट्यांमधून उभं आयुष्य गेलेले एक ढोलकीवाले आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. सत्तरी ओलांडलेली. आधी फडात ऑक्टोपॅड आला आणि तात्यांची रात्र अर्धी झाली. मग २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं जत्राच भरल्या नाहीत. त्यानंतर तात्यांना कुणी बोलावलं नाही. घरी ढोलकी खुंटीला होती आणि नातू तिच्यावर दप्तर अडकवायचा.

तात्या आले. त्यांनी आधी खेळ बघायला मागितला. गाणं कशासाठी आहे ते कळल्याशिवाय हात कसा टाकायचा, असं त्यांचं म्हणणं. भाच्यानं मोबाइलवर लावून दिला.

"ह्यो कोन पळतोय?"

"मारिओ. राजकन्येला सोडवायला निघालाय, तात्या."

"मग घावती का?"

"आठव्या किल्ल्यात. आधीच्या सात किल्ल्यांत गेलं की सांगतात, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे."

तात्या हसले. "मंग वगच की ह्यो! सात येळा फशिवला, आठव्याला भेट. रातभर चालंल."

या एका वाक्यानं भाच्याचा महिना वाचला. गाण्याची बांधणी त्यातूनच ठरली. सुरुवातीला मूळ चिपचा आवाज एकटा. मग हलगी, जशी फडात पहिल्यांदा हलगी कडकडते आणि मागं बसलेल्यांना कळतं की उठून पुढं या. मग ढोलकी. मध्ये मारिओ पाण्यात उतरतो, तिथली चाल मूळचीच तीन मात्रांची आहे, वॉल्ट्झची. तात्यांना वॉल्ट्झ सांगावा लागला नाही. "दादरा हाय," म्हणाले आणि वाजवू लागले. शेवटी वेळ संपत आली की खेळात संगीत एकदम चढ्या लयीत जातं. घड्याळ १०० च्या खाली आलं की मुलांचे हात घामेजायचे ते त्यामुळं. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तर नुसते चार स्वर होते आणि शत्रू जवळ येईल तसे ते भरभर पडायचे, एवढ्यावर जग घाबरलं. लय वाढवून माणसाला खुर्चीच्या टोकावर आणायचं हे ढोलकीवाल्याला कुणी शिकवायचं?

अडचणी वेगळ्याच निघाल्या. पहिली सुराची. चाल मूळची पांढरी एकमध्ये, तात्यांची ढोलकी काळी एकला लावलेली. भाचा म्हणाला, "तात्या, अर्धा सूर उतरवा." तात्यांनी ढोलकीकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं. "तुजं गानं चढतंय का बघ की." चढलं. संगणकात गाणं अर्धा सूर चढवायला क्षणभर लागतो. म्हणजे आमचा मारिओ काळी एकमध्ये गातो.

दुसरी अडचण हलगीची. हलगीवाला पोरगा घोडेगावचा. त्यानं गच्चीवर कागद पेटवून हलगी तापवली आणि खोलीत येऊन पहिला ठोका दिला तसा संगणकातला काटा लाल झाला. आवाज फाटला. मग त्याला जिन्याखाली उभा केला आणि माइक वर दाराशी ठेवला. जिन्यातून वर येताना आवाजाला जो घुमारा आला, तो कुठल्याही यंत्रात मिळाला नसता. खाली खतवाल्याचं गिऱ्हाईक मात्र थांबून होतं.

तिसरी अडचण खरी. तात्यांनी कानाला लावलेल्या हेडफोनमधली टिकटिक काढायला लावली. "ही पाल माज्या कानात नको." फक्त चाल ऐकून ते वाजवत राहिले. रात्री भाच्यानं संगणकातली एक सोय वापरली. त्यात काळाच्या आखलेल्या उभ्या रेषा असतात, आणि इकडंतिकडं पडलेला प्रत्येक ठोका ओढून नेमका रेषेवर बसवता येतो. हल्ली बाजारातलं बहुतेक संगीत असं रेषेवर बसवलेलं असतं. सकाळी त्यानं मला ऐकवलं. सगळं बरोबर होतं, आणि तात्या त्यात नव्हते. चुकीचं काहीच सापडेना. नुसता ढोलकीचा आवाज करणारं कुणीतरी आत बसलं होतं.

मग आम्ही न ओढलेलं ऐकलं. तात्यांचा उजव्या हाताचा ठोका रेषेच्या जरासा मागं पडतो. सेकंदाचा पन्नासावा भाग असेल. आणि समेच्या आधी एक ठोका तेवढाच लवकर येतो, जणू दार उघडून उभा राहतो. दर वेळी तिथंच. म्हणजे ती चूक नाही, ती त्यांची सही आहे. मात्रावृत्तात कवितेच्या मात्रा कागदावर चोख असतात, पण ती म्हणताना जो कवी मात्रा मोजत म्हणतो त्याची कविता श्रोते ऐकत नाहीत, मोजतात. दम कुठं घ्यायचा, कुठला शब्द उशिरा सोडायचा, हे वृत्तात लिहिलेलं नसतं.

भाच्यानं मग उलटं केलं. रेषा पुसल्या आणि तात्यांच्या ढोलकीचीच पट्टी केली. मूळ चालीचे स्वर एकेक करून त्या ठोक्यांना जुळवले. चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी खेळातलं गाणं नारायणगावच्या हाताप्रमाणं झुलू लागलं. हे जमलं त्याचं एक कारण असं की कोंडोच्या मूळ चालीतला तालही सरळसोट नाही, तोही झुलता आहे. दोघं भेटले असते तर त्यांचं जमलं असतं असं मला वाटतं.

मिक्सिंग म्हणजे नेमकं काय, हे मला त्या खोलीत कळलं. लोकांना वाटतं आवाज वाढवणं. जत्रेत डीजेच्या भिंती लावणाऱ्यांनाही तसंच वाटतं. कायद्यानं वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि आमच्याकडे खिडकीच्या काचा नाचतात. प्रत्यक्षात हे काम कोणाला कधी गप्प बसवायचं ते ठरवण्याचं आहे. ढोलकीची धूम आणि चिपचा तो घुमणारा आवाज, दोघंही खालच्या पट्टीत राहतात. एकत्र वाजले की दोघांचाही चिखल होतो. भाच्यानं एक कापून बघितला, दुसरा कापून बघितला. शेवटी निर्णय असा झाला की पहिल्या फेरीत चिपचा आवाज खाली घुमेल आणि तात्यांची धूम आली की तो गप्प होईल. तुणतुण्याला मात्र पिपाणीच्या आवाजाशेजारी जागा मिळाली. त्याला एक डाव्या कानात बसवलं, दुसऱ्याला उजव्या.

तयार झालेलं गाणं मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश व्हायचं नसतं. त्यानं ते मोबाइलवर ऐकलं, रिक्षात ऐकलं, आणि कांद्याची गाडी भरणाऱ्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऐकलं. ट्रॅक्टरवर हलगी सोडून काही ऐकू येईना. पुन्हा खोलीत. पुन्हा पंखा बंद. असं सहा वेळा. गाणं तीन मिनिटांचं.

हे गाणं बाजारात विकता येणार नाही, हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. चालीचे हक्क कंपनीचे आहेत आणि ते असायलाच हवेत. कवितांच्या खाली नाव न टाकणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलो, तेव्हा याबाबतीत मी भाच्याची बाजू घेणार नाही. मग कशासाठी केलंस, असं त्याच्या आईनं विचारलं. तो म्हणाला, लहानपणी घरी डबा नव्हता, मंचरच्या बाजारात तासाचे पैसे देऊन खेळायला मिळायचं, आणि तास संपला की दुकानदार गाण्याच्या मधोमध बटण बंद करायचा.

तात्यांना ऐकवायला मीही गेलो होतो. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "यातली माजी येकट्याची निघंल का?"

भाच्यानं बाकीचे सगळे आवाज बंद केले. खोलीत नुसती ढोलकी वाजू लागली. तात्या म्हणाले, पन्नास वर्षं वाजवतोय, पण गाणारणीच्या मागं, नाचणारीच्या पायाखाली. कॅसेटी निघाल्या, त्यांतही ढोलकी मागंच. आपली एकट्याची आपण कधी ऐकली नव्हती.

ती तीन मिनिटं भाच्यानं त्यांना पेनड्राइव्हवर भरून दिली. नारायणगावला त्यांचा नातू आता ती टीव्हीला लावतो आणि समोर बसून त्यावर हात बसवतो. समेच्या आधीचा तो लवकर येणारा ठोका त्याला अजून जमत नाही. तात्या म्हणाले, दप्तर आता दुसऱ्या खुंटीला असतं.